मुंब्रा बायपासवर थांबलेला खटला

२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी तळोजा कारागृहातून निघालेली पोलिसांची गाडी मुंब्रा बायपासवरून ठाण्याकडे येत होती. गाडीत बदलापूर प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे होता आणि त्याच्यासोबत एक वरिष्ठ पोलीस निरीक्षक, एक सहायक निरीक्षक, दोन अंमलदार आणि चालक असे पाच पोलीस. दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी ठाणे गुन्हे शाखेने त्याचा ताबा घेतला होता. ठाण्याला पोहोचण्याआधीच त्याच्या डोक्यात गोळी लागली आणि कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. पोलिसांनी सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी : आरोपीने पाणी मागितले म्हणून हातकडी सोडली, त्याने सहायक निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावले, तीन गोळ्या झाडल्या, त्यांतली एक सहायक निरीक्षकाच्या मांडीत घुसली, आणि मग वरिष्ठ निरीक्षकाने स्वसंरक्षणासाठी एकच गोळी झाडली. त्या रात्री ठाणे जिल्ह्यात बहुतेकांना ही हकीकत पुरेशी वाटली. बदलापुरात पेढे वाटले गेले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले.

लोकांना ती का पुरेशी वाटली, हे समजून घ्यायचे तर महिनाभर मागे जावे लागते. ऑगस्टच्या मध्यावर बदलापूर पूर्वेच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघडकीला आले. शाळेत नुकताच कामाला लागलेला सफाई कर्मचारी हा त्यातला आरोपी. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात अकरा-बारा तास ताटकळत बसावे लागले, तेव्हा कुठे १६ ऑगस्टला गुन्हा नोंदला गेला. शाळेतले पंधरा दिवसांचे सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. बदलापूर स्थानकात जवळपास दहा तास गाडी हलली नाही. त्या दिवशीचा राग आरोपीवर होता, पण तेवढ्यापुरता नव्हता. पालकांना बसवून ठेवणारे पोलीस ठाणे, गप्प राहिलेली शाळा, गायब झालेले चित्रण, या सगळ्यांवर तो राग होता. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण मुंब्रा बायपासवरच्या गोळीनंतर हे तिन्ही प्रश्न चर्चेतून नाहीसे झाले आणि चर्चेत उरली ती फक्त गोळी.

माझे म्हणणे एवढेच आहे : पोलिसांच्या गोळीने झालेल्या मृत्यूचा निःपक्ष तपास मागणे म्हणजे मेलेल्या आरोपीची कड घेणे नव्हे. त्या तपासाची गरज सगळ्यात जास्त असते ती मूळ गुन्ह्याच्या पीडितांना, आणि त्यांच्या खालोखाल पोलिसांना. हे मत एका घटनेवरून बनवता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्राचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला. मुंबईतली पहिली नोंदलेली चकमक म्हणून तिचा उल्लेख होतो. नव्वदच्या दशकात खंडणी आणि टोळ्यांच्या खुनांनी मुंबईपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत व्यापारी, बिल्डर, हॉटेलवाले हैराण झाले. साक्षीदार फिरायचे, गुंड जामिनावर सुटायचे, आणि ‘चकमक’ हा मराठी वर्तमानपत्रांतला रोजचा शब्द होऊन बसला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने न्यायालयात जे प्रकरण नेले त्यातला आकडा असा : १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत सुमारे १३५ मृत्यू. याच काळात, २९ मार्च १९९७ रोजी, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांनी राज्यांना कळवले की चकमकीतल्या मृत्यूचा तपास ज्या ठाण्याचे पोलीस चकमकीत होते त्याच ठाण्याने करू नये. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही सूचना दिल्या. संस्था पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि पंधरा वर्षांनी निकाल लागला. सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी सोळा नियम घालून दिले. गुन्हा नोंदवा, तो विनाविलंब न्यायालयाला कळवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी करा, वापरलेली शस्त्रे तपासासाठी जमा करा, आणि चकमकीची खातरजमा होईपर्यंत त्यातल्या अधिकाऱ्यांना वेळेआधी बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. अक्षय शिंदे मेला तेव्हा त्या निकालाला त्याच दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती.

असा तपास झाला तर काय निघते, याचे महाराष्ट्रातले सगळ्यात पूर्ण उदाहरण रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याचे आहे. ११ नोव्हेंबर २००६ ला दुपारी वाशीतून त्याला आणि त्याच्या एका मित्राला काही माणसांनी उचलले. भाऊ वकील होता. त्याने धावपळ करून वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले : माझ्या भावाला पोलिसांनी पळवले आहे, त्याला चकमकीत मारतील अशी भीती वाटते. त्याच रात्री वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ लखनभैया ‘चकमकीत’ मेला, आणि गुन्हा नोंदवला गेला तो मेलेल्या माणसावर. चकमक व्हायच्या आधीच तिची भीती कागदावर उतरली होती आणि त्या कागदावर तारघराचा शिक्का आणि वेळ होती. जी वेळ पोलिसांच्या हकीकतीत बसत नव्हती ती तारेच्या कागदावर होती. तरीही न्यायदंडाधिकाऱ्याचा अहवाल, उच्च न्यायालयाचा आदेश आणि उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखालचे विशेष पथक एवढे सगळे उभे राहायला २००९ उजाडले. लखनभैयासोबत उचललेला मित्र मुख्य साक्षीदार होता. साक्षीच्या तोंडावर, मार्च २०११ मध्ये, तो बेपत्ता झाला आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या मनोरला त्याचा मृतदेह सापडला. पोलिसांच्या जामिनाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये म्हटले की पोलिसांनी केलेली बनावट चकमक हा थंड डोक्याने केलेला खून आहे आणि तिला फाशीइतकी कठोर शिक्षा असावी. मी फाशीच्या बाजूचा नाही, पण त्या वाक्यामागचा संताप कळतो. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवले. त्यांत १३ पोलीस होते. १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने सत्र न्यायालयात सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली. त्या निकालाविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत. उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत घटनेला सतरा वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

ज्या प्रकरणाचा तपास वेळेत आणि पुरा होत नाही तेही संपत नाही. घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडलेला परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये पोलीस कोठडीतून नाहीसा झाला. त्याला नेताना अहमदनगर जिल्ह्यात गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. चार पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला गेला आणि त्यांत सचिन वाझे होते. खटला रखडला, वर्षे गेली, आणि जून २०२० मध्ये वाझे यांना पोलीस सेवेत परत घेण्यात आले. नऊ महिन्यांनी, ५ मार्च २०२१ ला, ठाण्याचे व्यापारी मनसुख हिरेन यांचा मृतदेह मुंब्र्याच्या रेतीबंदरच्या खाडीत सापडला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने या खुनाच्या प्रकरणात ज्यांना अटक केली त्यांत वाझे आणि शर्मा हे दोघेही होते. या प्रकरणात अजून कुणावर दोष सिद्ध झालेला नाही आणि तो सिद्ध होईपर्यंत मी कुणाला गुन्हेगार म्हणणार नाही. पण २००३ च्या प्रकरणाचा निकाल वेळेत लागला असता, दोषी असो वा निर्दोष, तर २०२० चा आदेश निघताना सगळ्यांसमोर एक उत्तर असते. ते नव्हते. मेलेला माणूस गुंड होता, दहशतवादी होता, म्हणून ज्यांनी त्या वेळी तपासाची मागणी सोडून दिली, त्यांच्यापुढे अठरा वर्षांनी ठाण्याच्या एका दुकानदाराचे प्रेत आले. खाडीचा तो काठ आणि शिंदे मेला तो बायपास एकाच मुंब्र्यात आहेत.

आता परत बायपासकडे. घटनेनंतर दोनच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, आरोपीच्या वडिलांचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात न्या. मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे आला. त्या दिवशीचे प्रश्न अगदी साधे होते. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायला जोर आणि सराव लागतो, कधी हत्यार न हाताळलेल्या माणसाने ती कशी ओढली? गाडीत एवढे पोलीस असताना एक माणूस आवरता कसा आला नाही? गोळी पायावर किंवा हातावर न झाडता थेट डोक्यात का? कुणीही शहाणा माणूस विचारील असे हे प्रश्न आहेत. २० जानेवारी २०२५ ला न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नाहीत, त्याच्या हातांवर गोळीबाराच्या दारूचे अंश नाहीत, वापरलेले बळ समर्थनीय नाही, आणि मृत्यूला पाचही पोलीस जबाबदार आहेत, असा त्याचा निष्कर्ष. अहवाल हा निकाल नसतो, हे खरे. पण दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात ठरवले आहे. सरकारने मात्र सीआयडीचा तपास चालू आहे, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांचा आयोग नेमला आहे, असे सांगत गुन्हा नोंदवणे लांबवले. फेब्रुवारीत मृताच्या आईवडिलांनी खटला पुढे चालवायचा नाही असे न्यायालयाला सांगितले. गरीब माणसे, गावाने टाकलेली, किती धावणार? न्यायालयाने प्रकरण तरीही बंद केले नाही. मंजुळा राव यांना न्यायमित्र म्हणून नेमले आणि ७ एप्रिल २०२५ ला न्या. मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांनी मुंबईचे सहपोलीस आयुक्त लखमी गौतम यांच्या देखरेखीखाली विशेष तपास पथक स्थापण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेशात बदल करून पथक नेमण्याचे काम पोलीस महासंचालकांकडे दिले. आरोपीच्या वकिलाने मागावा आणि सरकारने टाळावा असा हा तपास नव्हता. सरकारने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून करायचा होता.

या सगळ्यावर पहिला आक्षेप माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात ऐकू येतो : न्यायालयात वर्षानुवर्षे काही होत नाही, मग लोकांनी काय करायचे? हा आक्षेप खोटा नाही, वर दिलेल्या सतरा वर्षांनीच तो सिद्ध होतो. पण चित्राची दुसरी बाजू आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या शक्ती मिलमधला सामूहिक बलात्कार २२ ऑगस्ट २०१३ चा. एप्रिल २०१४ मध्ये शिक्षा झाली, आठ महिन्यांच्या आत. कोपर्डीतल्या बलात्कार आणि खुनाची घटना १३ जुलै २०१६ ची. २९ नोव्हेंबर २०१७ ला सत्र न्यायालयाने तिन्ही आरोपींना फाशी सुनावली. म्हणजे साडेसोळा महिने. ज्या खटल्यांत पोलिसांनी नेटाने तपास केला, पुरावा गोळा केला आणि सरकारने चांगला वकील दिला, तिथे न्यायालय चालले. बदलापुरात उशीर न्यायालयाकडून झाला नव्हता. तिथे उशीर पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर झाला होता. ज्या यंत्रणेने गुन्हा नोंदवायला अर्धा दिवस लावला तिच्याच हातात झटपट न्याय सोपवणे हे कुठल्या तर्कात बसते?

दुसरा आक्षेप जास्त दुखरा आहे. त्या दोन मुलींचा विचार कोण करणार, फक्त आरोपीचेच मानवी हक्क का? माझे उत्तर असे की आरोपी मेला त्या क्षणी त्या मुलींचाच खटला थांबला. फौजदारी कायद्यात मृतावर खटला चालत नाही. साक्ष व्हायची होती, उलटतपासणी व्हायची होती, शाळेत नक्की काय घडले, आधी कुणाला कळले होते, कोण गप्प बसले, हे मुख्य आरोपीच्या खटल्यात भर न्यायालयात उलगडायचे होते. शाळेच्या विश्वस्तांवरची कारवाई चालू राहिली, पण त्या प्रकरणाचा मध्यच काढून घेतला गेला. त्या मुली मोठ्या होतील तेव्हा त्यांना दाखवायला ‘होय, तुमच्यावर अन्याय झाला आणि तो अमुक माणसाने केला’ असा न्यायालयाचा कागद नसेल. आणि माणूसच चुकीचा असेल तर? २०१९ च्या हैदराबादच्या बलात्कार-खून प्रकरणात ६ डिसेंबरला चार आरोपी चकमकीत मेले, पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते नागपूरचे न्या. विकास सिरपूरकर. आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला : पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुले उधळणाऱ्यांपैकी कुणालाही त्या सकाळी हे माहीत नव्हते आणि माहीत असणे शक्यही नव्हते. चौकशी नंतर होते म्हणून आपण आज टाळ्या वाजवतो, पण वाजवताना आपल्याला काहीच कळलेले नसते.

बदलापूरच्या प्रकरणात त्याहून जवळून बघायला हवी अशी एक गोष्ट घडली. मृतदेह दहन न करता पुरायचा, म्हणजे पुढे कधी तपासाला लागला तर पुरावा राहील, अशी कुटुंबाची इच्छा होती. बदलापूर-अंबरनाथ परिसरात कुणी जागा देईना. उच्च न्यायालयाने सरकारला जागा शोधायला सांगितले. २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगरमध्ये खड्डा खोदला गेला, विरोध करणाऱ्यांनी तो पुन्हा मातीने बुजवला, आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात दफन झाले. ज्या पोलीस दलावर त्याच्या मृत्यूचा आरोप होता, त्याच दलाने लोकांना अडवून त्याला माती मिळू दिली. माझ्या मनात त्या दिवशीच्या बंदोबस्तावरच्या पोलिसाबद्दल आदरच आहे. कायद्याने सांगितलेले काम त्याने आपल्या मनाविरुद्ध जाऊनही केले असेल. सगळ्या दलाकडून आपण एवढेच मागतो आहोत.

यावरूनच तिसरा आक्षेप येतो : अशा चौकशांनी पोलिसांचे खच्चीकरण होते. ठाण्याच्या वर्तकनगरला पोलीस वसाहत आहे. तिथल्या अंमलदारांच्या कुटुंबांना हा प्रश्न वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा वेगळा दिसायला हवा. लखनभैया प्रकरणात शिक्षा झालेल्यांत शिपाई आणि हवालदार होते. मुंब्र्याच्या अहवालात गाडीचा चालकही आहे. हुकूम कुणी दिला हे वरून कधी लिहून येत नाही, पण ‘तू गाडीत होतास’ हे लिहिलेले असते. बचावाचा हक्क पोलिसालाही आहे, भारतीय न्याय संहितेत तो स्पष्ट आहे, आणि खरोखर जीव वाचवायला गोळी झाडलेल्या पोलिसाची सुटका निःपक्ष तपासानेच होते. पिस्तुलावर ठसे सापडले असते, हातावर दारूचे अंश सापडले असते, तर त्या पाचही जणांचा बचाव शास्त्रानेच केला असता. २०१५ मध्ये राज्य सरकारने लखनभैया प्रकरणातल्या ११ दोषी पोलिसांची शिक्षा स्थगित केली आणि पुढे उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकारची माया ही अशी असते. तिच्यावर विसंबून कुठल्या हवालदाराने आपले आयुष्य पणाला लावू नये.

निःपक्ष म्हणजे काय हे ठाण्यात राहणाऱ्याला नकाशावरूनही कळेल. ठाणे पोलीस आयुक्तालयात वर्तकनगर ठाणे आहे, मुंब्रा ठाणे आहे, बदलापूर पूर्वचे ठाणेही आहे. बदलापूरच्या पालकांना ताटकळत ठेवणारे, आरोपीला तळोजातून आणणारे आणि मुंब्र्यात मृत आरोपीवरच हल्ल्याचा गुन्हा नोंदवणारे एकाच आयुक्तांच्या हाताखाली येतात. यात कुणाचा हेतू वाईट असायलाच हवा असे नाही, पण आपल्याच सहकाऱ्याला दोषी ठरवायला जे बळ लागते ते रोजच्या रांगेतल्या माणसाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. एप्रिल २०२० मध्ये घोडबंदर रस्त्यावरच्या एका नागरिकाला घरातून उचलून तत्कालीन मंत्र्यांच्या बंगल्यावर पोलिसांदेखत मारहाण झाल्याचा गुन्हा वर्तकनगर ठाण्यातच नोंदला गेला होता. त्या जिवंत फिर्यादीलाही पुढच्या तपासाचा आदेश मिळवायला फेब्रुवारी २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. मेलेल्याला तेवढेही शक्य नसते.

१९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले, तेव्हा ते प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक जागी लावा असेही बजावले होते. २०१४ च्या सोळा नियमांचेही तसेच व्हायला हवे. ठाणे आयुक्तालयाने ते सोप्या मराठीत छापून वर्तकनगरपासून बदलापूरपर्यंतच्या प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर, तक्रारदार बसतात त्या बाकड्यासमोर, लावावेत. वाचकहो, ही मागणी तुम्ही पुढच्या वेळी कुठल्याही कामाने पोलीस ठाण्यात जाल तेव्हा लेखी द्या आणि पोच मागून घ्या.